न दिसणाऱ्या यंत्रांची देखरेख



पूर्वीं एखादें दुकान उघडें आहे कीं बंद आहे, हें रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही दिसत असे. फळ्या लावलेल्या दिसल्या, बाहेर कुलूप लोंबतांना दिसलें, म्हणजे गिऱ्हाईक काय तें समजे आणि परत फिरे. आपलें दुकान बंद आहे, हें मालकालाही दुसऱ्या कोणी येऊन सांगावें लागत नसे. आज स्थिति अगदीं निराळी झाली आहे. एखाद्या बँकेच्या शेंकडों शाखांचे दरवाजे सताड उघडे असतात, दिवे जळत असतात, कारकून आपापल्या जागीं बसलेले असतात. आणि तरीही बँक बंद असते! कारण दूर कोठें तरी एका थंडगार दालनांत ओळीनें मांडलेल्या यंत्रांपैकीं एकानें आपलें काम थांबविलेलें असतें. गिऱ्हाइकाला तें दिसत नाहीं, कारकुनाला तें दिसत नाहीं, आणि कित्येकदां ज्याचा धंदा त्या यंत्रावर चालतो त्याला तें सर्वांच्या मागाहून कळतें.

हीं यंत्रें म्हणजे सर्व्हर, त्यांना जोडणारें तारांचें व प्रकाशतंतूंचें जाळें, माहिती सांठविणाऱ्या तबकड्या, आणि या सर्वांना लागणारी वीज व थंडावा. यांवर आज किती भार पडला आहे याची कल्पना एका आंकड्यावरून येईल. यूपीआय या नांवानें आपणां सर्वांस परिचित असलेल्या पद्धतीनें होणारे व्यवहार 2023 सालच्या ऑगस्ट महिन्यांत प्रथमच 1000 कोटींच्या वर गेले. म्हणजे रात्रंदिवस, दर सेकंदाला, सरासरीनें 3700 हून अधिक व्यवहार! मंडईंतील भाजीवाली आतां नोटा मोजीत बसत नाहीं. टोपलीशेजारच्या लहानशा डबींतून पैसे मिळाल्याची आरोळी उठली, कीं ती मेथीची जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवींत टाकते. पण आरोळी उठलीच नाहीं तर? गिऱ्हाईक म्हणतें, माझ्या खात्यांतून पैसे गेले. भाजीवाली म्हणते, मला ते पोंचले नाहींत. दोघेही खरें बोलत असतात, आणि भांडण मात्र त्या दोघांतच जुंपतें. ज्या यंत्राचा दोष, तें तेथून शेंकडों कोसांवर असतें.

अशा यंत्रांवर अहोरात्र नजर ठेवण्याची जी विद्या गेल्या कांहीं दशकांत वाढीस लागली, तिला इंग्रजींत मॉनिटरिंग म्हणतात. आपण तिला देखरेख म्हणूं. व्यापाराच्या दृष्टीनें तिचें मोल काय, आणि ती वाटते तितकी सोपी कां नाहीं, या दोन गोष्टींचा आज विचार करावयाचा आहे.

देखरेखीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे हांक मारून ओ येते कीं नाहीं हें पाहणें. 1983 सालीं माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरनें नेमकें हेंच करणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडींतील सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्यानें त्याचें नांव पिंग असें ठेवलें. एक संगणक दुसऱ्यास हांक मारतो. ओ आली तर ती किती वेळानें आली हें मोजतो. हा प्रोग्रॅम आजही जगभर वापरला जातो. परंतु ओ देणारा मनुष्य निरोगी असतोच असें नाहीं. तापानें फणफणलेला रोगीही हांकेस ओ देतो. म्हणून वैद्य जसा नाडी, श्वास आणि जीभ पाहतो, तशीं यंत्राचींही लक्षणें पाहावीं लागतात. 2016 सालीं गूगलच्या एंजिनियरांनीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत अशीं चार मुख्य लक्षणें सांगितलीं आहेत. तीं स्टेशनावरील तिकिटांच्या खिडकीच्या दृष्टांतानें चटकन ध्यानांत येतील. तिकीट मिळण्यास किती वेळ लागतो, हें पहिलें. किती उतारू खिडकीशीं येत आहेत, हें दुसरें. कितीजण तिकीट न मिळतां परत जात आहेत, हें तिसरें. आणि खिडकीमागच्या कारकुनाची शक्ति किती खर्चीं पडली आहे, हें चौथें. विलंब, भार, चुका आणि भरती, अशीं नांवें त्यांस देतां येतील.

आतां मोलाचा प्रश्न घेऊं. यंत्र बिघडणें आणि तें बिघडलें हें कळणें, या दोन घटनांत जें अंतर असतें तें कमी करणें, हेंच देखरेखीचें खरें काम आहे. देखरेखीमुळें बिघाड टळतोच असें नाहीं. ती आपणांस वेळ मिळवून देते. आणि या धंद्यांत वेळेचें मोल किती असतें तें पाहा. आपली सेवा वर्षांतून 99.9 टक्के वेळ चालूं राहील, असें वचन एखाद्यानें दिलें, तर वर्षाकांठीं सुमारें पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा त्यास मिळते. 99.99 टक्क्यांचें वचन दिलें, तर ही मुभा 53 मिनिटांहून कमी होते. आणि 99.999 टक्के म्हटलें, कीं वर्षाला अवघीं सवापांच मिनिटें! ज्या कचेरींत बिघाड झाल्याचें पहिल्या अर्ध्या तासांत कोणास कळतच नाहीं, तेथें 53 मिनिटांचें वचन वर्षांतून दोन बिघाडांतच मोडतें. मग दुरुस्ति करणारा कितीही कुशल असो.

दुसरें मोल दूरदृष्टीचें. पुष्कळ बिघाड वीज कोसळावी तसे येत नाहींत, विहिरीचें पाणी आटावें तसे येतात. तबकडी रोज थोडी थोडी भरत जाते. उत्तर येण्यास दर आठवड्यास किंचित् अधिक वेळ लागूं लागतो. एखाद्या प्रमाणपत्राची मुदत ठरलेल्या दिवशीं संपणार असते. या गोष्टी पंधरा दिवस आधीं दिसल्या, तर दिवसाढवळ्या, शांतपणें, थोड्या खर्चांत दुरुस्ति होते. न दिसल्या, तर तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रसंग येतो. तिसरें मोल काटकसरीचें. कोणतें यंत्र वर्षभर रिकामें बसून भाडें खात आहे, हेंही देखरेखीच्या वहींतच सांपडतें.

चौथें मोल विश्वासाचें, आणि आतां तें कायद्याचेंही झालें आहे. एचडीएफसी बँकेच्या सेवांत वारंवार खंड पडल्यावर 2020 सालच्या डिसेंबरांत रिझर्व्ह बँकेनें तिला नवे डिजिटल उपक्रम सुरू करण्यास आणि क्रेडिट कार्डाचे नवे ग्राहक घेण्यास तात्पुरती मनाई केली. त्यापूर्वींच्याच महिन्यांत मुख्य डेटा सेंटरची वीज जाऊन बँकेचे व्यवहार अडले होते. कार्डांची मनाई 2021 च्या ऑगस्टांत उठली. बाकीची उठावयास 2022 चा मार्च उजाडला. देशांतील एक अग्रगण्य बँक नवें कार्ड देऊं शकत नाहीं, हें नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चानें मोजतां येत नाहीं. 2022 च्या एप्रिलांत सर्ट-इन या सरकारी संस्थेनें काढलेल्या आदेशाप्रमाणें, संगणकांवरील हल्ल्यासारखी घटना लक्षांत आल्यापासून सहा तासांच्या आंत ती सरकारास कळवावी लागते, आणि यंत्रांच्या दैनंदिन नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्या लागतात. ज्यानें नजरच ठेवली नाहीं, तो काय कळविणार?

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग यांत अडचण ती कसली? पैसे टाकावे, देखरेखीचीं साधनें विकत घ्यावीं, भिंतीवर मोठे पडदे लावावे, त्यांवर हिरवे-तांबडे दिवे लुकलुकूं द्यावे, म्हणजे झालें! पुष्कळ पेढ्या असेंच करतात आणि फसतात. त्या कशा फसतात, याचें एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगें आहे.

अमेरिकेंत नाइट कॅपिटल नांवाची शेअरबाजारांतील एक बलाढ्य पेढी होती. 1 ऑगस्ट 2012 या दिवशीं तिचा नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवरून चालावयाचा होता. तो सात सर्व्हरांवर नीट चढविला गेला. आठव्यावर चढवावयाचा राहून गेला. त्या आठव्यांत जुना, वापरांतून गेलेला एक प्रोग्रॅम तसाच पडून होता, आणि नव्या व्यवस्थेच्या खुणेनें तो जागा झाला. बाजार साडेनऊला उघडला आणि हें यंत्र वेड्यासारखें शेअर घेऊं व विकूं लागलें. सुमारें 45 मिनिटांत 40 लक्षांहून अधिक सौदे झाले आणि पेढीचें नुकसान 46 कोटि डॉलरांच्या वर गेलें. पुढच्याच वर्षीं ती दुसऱ्या पेढींत विलीन झाली.

आतां यांतील मर्म पाहा. बाजार उघडण्यापूर्वीं, सकाळीं आठच्या सुमारापासूनच, पेढीच्या यंत्रांनीं आपण होऊन 97 ईमेल पाठविल्या होत्या, आणि त्यांत त्या जुन्या प्रोग्रॅमचें नांव घेऊन चूक असल्याचें कळविलें होतें. म्हणजे सुमारें दीड तास हातांत होता! परंतु त्या ईमेल धोक्याचा इशारा म्हणून योजलेल्या नव्हत्या, आणि त्या वाचण्याचा कोणाचा प्रघातही नव्हता. पुढें गोंधळ सुरू झाल्यावर, नवा प्रोग्रॅमच बिघडला असावा अशा समजुतीनें, ज्या सात सर्व्हरांवर तो बरोबर होता त्यांवरूनही तो काढून टाकण्यांत आला. त्यामुळें आग अधिकच भडकली. अशा प्रसंगीं कोणी काय करावयाचें याची लेखी रीत पेढीपाशीं नव्हती. अमेरिकेच्या नियामक मंडळानें 2013 सालीं दंड ठोठावला तो याच उणीवांवर बोट ठेवून. यंत्र ओरडत होतें. ऐकणारा नेमलेला नव्हता. देखरेखीचा पहिला धडा हाच, कीं इशारा दिला गेला म्हणजे इशारा पोंचला असें होत नाहीं.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. ऐकणारा नेमला, पण ओरडा इतका, कीं त्यास कांहींच ऐकूं येईना! हिशेब करून पाहूं. एका कचेरींत एक हजार यंत्रें आहेत, प्रत्येकाचीं वीस लक्षणें दर मिनिटास तपासलीं जातात. दिवसाकांठीं 2 कोटि 88 लक्ष तपासण्या झाल्या. यांपैकीं लाखांत एखादीच तपासणी चुकून खोटा इशारा देते असें धरलें, तरी दिवसाला 288 खोटे इशारे होतात. म्हणजे दर पांच मिनिटांस एक! रात्रपाळीस असलेला किंवा घरीं उशाशीं फोन ठेवून निजलेला जो एंजिनियर, त्यानें किती वेळां दचकून उठावें? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणीं ऐकलेली आहे. परंतु तींतील मुलगा निदान गंमत म्हणून ओरडत होता. येथें यंत्र प्रामाणिकपणें ओरडतें, आणि तरीही परिणाम तोच होतो. आठ दिवसांत तो मनुष्य घंटेचा आवाज बंद करण्यास शिकतो, आणि नवव्या रात्रीं खरा लांडगा येतो. त्या मनुष्याची झोंप ही देखील धंद्याची मालमत्ताच आहे, हें मालकांस सहसा उमगत नाहीं. म्हणून जाणत्या कचेऱ्यांत असा दंडक असतो, कीं ज्या इशाऱ्यावर तत्क्षणीं कांहीं करावयाचें नाहीं, त्यानें कोणास उठवूं नये. त्यानें मुकाट्यानें वहींत जाऊन बसावें.

तिसरी अडचण पहारेकऱ्याच्या अंधत्वाची. इक्विफॅक्स ही लोकांच्या पतीची माहिती सांठविणारी अमेरिकन कंपनी. 2017 सालच्या मे महिन्यांत तिच्या यंत्रांत चोर शिरले आणि जुलैच्या अखेरीपर्यंत आंत राहिले. सुमारें 14 कोटि 70 लक्ष लोकांची खासगी माहिती धोक्यांत आली. जाळ्यांतून होणारी गुप्त ये-जा उघडून तपासणारें यंत्र कंपनीपाशीं होतें. परंतु त्यास लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिने आधींच संपलेली होती, आणि त्यामुळें तें कांहींएक पाहत नव्हतें. 29 जुलैला प्रमाणपत्र नवें केलें मात्र, आणि लगेच संशयास्पद हालचाल दृष्टीस पडली! पहारेकरी दारांत उभा होता, त्याचा पगारही चालूं होता; फक्त डोळ्यांवर पट्टी होती.

हाच दोष गिटलॅब या कंपनीच्या प्रकरणांत निराळ्या रूपानें दिसला. 2017 च्या जानेवारीच्या अखेरच्या दिवशीं तेथील एका एंजिनियराच्या हातून मुख्य माहितीसांठाच चुकून पुसला गेला. नित्याच्या प्रति काढून ठेवण्याची व्यवस्था होती. पण पाहतात तों एक महत्त्वाची व्यवस्था मुळीं चालतच नव्हती. ती निकामी झाल्याचे निरोप यंत्र ईमेलनें पाठवीत होतें, आणि त्या ईमेल पुढें स्वीकारल्या जात नव्हत्या. सुदैवानें कांहीं तासांपूर्वीं काढलेली एक प्रत दुसरीकडे सांपडली; तरी सुमारें सहा तासांत सांठलेली माहिती कायमची गेली. निरोप नाहीं म्हणजे सर्व ठीक, असें समजून लोक स्वस्थ होते.

आपल्या आगगाडीच्या जुन्या सिग्नलांत या रोगावरचा उपाय फार पूर्वींच योजलेला आहे. सिग्नलचा हात ओढणारी तार तुटली, तर तो हात वजनाच्या योगानें आपोआप धोक्याच्या स्थितींत जातो. म्हणजे व्यवस्था मोडली, तर ती धोकाच दाखविते. सुरक्षितपणाचा खोटा भास निर्माण करीत नाहीं. संगणकांच्या देखरेखींतही हाच नियम हवा. दर ठराविक वेळानें मी ठीक आहें असा निरोप यंत्राकडून यावा, आणि तो आला नाहीं तर शांततेलाच इशारा समजावें.

चौथी अडचण अशी, कीं पहारेकरी आणि ज्यावर पहारा तें घर, हीं दोन्हीं एकाच दोरीला टांगलेलीं असतात. 4 ऑक्टोबर 2021 रोजीं फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम हीं तिन्हीं सुमारें सहा तास जगभर बंद पडलीं. दुरुस्तीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीचें मुख्य जाळेंच तुटलें. अशी घातक आज्ञा अडविणारा एक तपासणी प्रोग्रॅम होता, पण त्यांतही दोष होता. आणि दोष शोधण्याचीं कंपनीचीं स्वतःचीं साधनेंही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यानें तींही निरुपयोगी झालीं. अखेर एंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरांत जावें लागलें. ज्या दिव्यानें आग पाहावयाची, तो दिवा जळत्या घरांत ठेवूं नये, इतकी साधी गोष्ट. पण घर मोठें झालें, कीं तो कोठें ठेवला आहे तेंच विसरतें.

पांचवी अडचण मापाची. समजा, शंभर गिऱ्हाइकांपैकीं नव्याण्णवांना उत्तर मिळण्यास 0.2 सेकंद लागतात आणि एकास 20 सेकंद. सरासरी काढली तर ती 0.4 सेकंदाहूनही कमी भरते. पडद्यावर हिरवा दिवा! पण त्या शंभराव्याच्या दृष्टीनें दुकान बंदच आहे. आणि लाखो गिऱ्हाइकें असलीं, म्हणजे असे हजारों लोक होतात. म्हणून सरासरीवर भिस्त न ठेवतां, सर्वांत रखडलेल्या शंभरांतील एकाचे काय हाल आहेत, हें वेगळें मोजावें लागतें. यंत्राची प्रकृति विचारण्याआधीं गिऱ्हाइकाचें काम झालें कीं नाहीं, हें विचारावें.

आणखी एक धोका सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. देखरेख म्हटली कीं नोंदी आल्या, आणि नोंदींत नको तें उतरण्याचा संभव आला. 2018 सालच्या मे महिन्यांत ट्विटर कंपनीनें आपल्या सर्व, म्हणजे 33 कोटींहून अधिक, सभासदांस परवलीचे शब्द बदलण्याची विनंति केली. कारण ते शब्द अंतर्गत नोंदींत उघड्या रूपांत लिहिले जात असल्याचें आढळून आलें होतें. घराच्या रक्षणासाठीं ठेवलेल्या वहींत घराच्या किल्ल्यांचा नमुनाच काढून ठेवावा, तशांतला हा प्रकार. नोंदी किती ठेवावयाच्या, कोणी पाहावयाच्या, हें ठरविणें हा देखरेखीचाच एक भाग आहे. शिवाय त्या सांठविण्यास पैसा लागतो, तो निराळाच.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पडदे, घंटा आणि आंकडे हीं देखरेखीचीं साधनें होत, देखरेख नव्हे. खरी देखरेख तेव्हां होते, जेव्हां प्रत्येक इशाऱ्याला एक धनी असतो. त्यास तो इशारा समजतो. काय करावयाचें हें आधीं लिहून ठेवलेलें असतें. आणि वेळ पडल्यास वरिष्ठांची वाट न पाहतां यंत्र थांबविण्याचा अधिकार त्यास दिलेला असतो. हा शेवटचा अधिकार द्यावयास पुष्कळ मालक कचरतात. दहा मिनिटें धंदा थांबविल्याबद्दल ज्यास दुसऱ्या दिवशीं जाब द्यावा लागतो, तो मनुष्य पुढच्या वेळीं अकरावें मिनिट उजाडण्याची वाट पाहतो. आणि नाइट कॅपिटलचीं 45 मिनिटें अशाच एकेका मिनिटानें भरतात.

म्हणून, ज्यांच्याकडे असा कारभार आहे त्यांनीं आपल्या माणसांस पुढचे चार प्रश्न अवश्य विचारावे. काल रात्रीं किती इशारे आले, आणि त्यांपैकीं कितींवर कांहीं करावें लागलें? देखरेख करणारें यंत्र बंद पडलें, तर तें कोणास व कसें कळेल? मुख्य जाळें तुटलें, तरी आपणांस दिसत राहील काय? आणि मागच्या बिघाडाची वार्ता आपणांस प्रथम कोणी दिली, यंत्रानें कीं गिऱ्हाइकानें? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर गिऱ्हाइकानें असें आलें, तर भिंतीवरचे पडदे कितीही मोठे असोत, त्या कचेरींत देखरेखीस अजून आरंभ व्हावयाचा आहे असें खुशाल समजावें.